मी श्यामलाताईंच्या सेटचा नकाशा

मी बोलतोय तो घडीतूनच. माझ्या पाच घड्या आहेत आणि मधल्या घडीवर कागद इतका विरलाय की मला उलगडायला हलक्या हाताचा माणूस लागतो. तसा माणूस रोज भेटत नाही, म्हणून मिटल्या मिटल्याच सांगतो.

मला सर्किट डायग्राम म्हणतात. टू-इन-वनच्या पोटात कुठली तार कुठं जाते, कुठला कंडेन्सर किती क्षमतेचा, कुठल्या टोकाला किती व्होल्ट दिसायला हवेत, हे सगळं माझ्या अंगावर छापलेलं आहे. मला पाहून तुम्ही म्हणाल, या मुंग्या कुणी काढल्या? तुमच्यावर राग नाही. उभ्या आयुष्यात मला वाचता येणारी माणसं दहासुद्धा भेटली नसतील, आणि त्यातल्या एकानं तर मला पळवलं.

माझा जन्म १९८८ सालचा. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सारंग इलेक्ट्रॉनिक्स नावाचा एक छोटा कारखाना होता. रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, दोन स्पीकरचा सेट तिथं बनायचा. ड्रॉइंगच्या टेबलावर मीनाबाई होत्या. त्यांनी पट्टी आणि शाईच्या पेनानं माझी मूळ प्रत काढली. एक रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडून पुन्हा ओढायची, अशा त्या बाई. मग रविवार कारंजाजवळच्या छापखान्यात आम्ही चार हजार भावंडं एकाच आठवड्यात छापून निघालो.

तेव्हा एक पद्धत होती. सेट तयार झाला की शेवटच्या बाकावरची बाई आमच्यापैकी एकाची घडी घालायची, सेटच्या मागच्या झाकणाच्या आत ठेवायची आणि वरून चार स्क्रू आवळायची. ज्याचा सेट त्याच्या घरी त्याचा नकाशा. उद्या बिघडला तर कुठल्याही गावातला कारागीर झाकण उघडेल, नकाशा काढेल, बोट फिरवत बिघाड शोधेल आणि नकाशा पुन्हा आत ठेवेल. इतकं साधं होतं ते. कंपनीला त्यात काही फार मोठं केल्यासारखं वाटत नव्हतं.

त्याच कारखान्यात भिका नावाचा एक तरुण पार्ट जोडायच्या लाइनवर होता. पेठकडच्या डोंगरातल्या गावातून आलेला, बोलायला कमी. दुपारच्या सुट्टीत इतर लोक पत्ते खेळायचे तेव्हा हा छपाईत बिघडलेले नकाशे घेऊन बसायचा आणि एकेक रेघ बोटानं चालत जायचा. सहा महिन्यांत त्याला आम्ही पाठ झालो. वर्ष संपायच्या आत त्यानं नोकरी सोडली आणि सातपूर कॉलनीत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं.

मी ज्या सेटमध्ये गेलो तो उपेंद्ररावांनी विकत घेतला. ते जिल्हा परिषदेत नोकरीला होते. मुलगी श्यामला, नुकतीच शिक्षिका झालेली. तिच्यासाठीच तो सेट. अंधारात, झाकणाआड असलो तरी मला ते घर कळायचं. सकाळी आकाशवाणीची भक्तिगीतं, संध्याकाळी श्यामलाची सनईची कॅसेट. सेट तापला की मलाही ऊब लागायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे चार महिने. चारच, कारण पाचव्या महिन्यात उपेंद्रराव सेट पिशवीत घालून भिकाच्या दुकानात आले. सोबत श्यामला होती.

"हेडफोनला डावीकडून आवाज येत नाही म्हणते ही," उपेंद्रराव म्हणाले. "सेट नवा आहे हो. बघा जरा."

भिकानं झाकण उघडलं, मला बाहेर काढलं, मीटर लावलं. मग हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. "साहेब, दोन्हीकडं सारखा येतो. सेटात काय नाय."

उपेंद्रराव मुलीकडं बघायला लागले. ती खाली बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "सेट नाही. माझाच कान तसा आहे."

लहानपणी गोवर आला होता, ताप कानात उतरला होता. डावा कान अर्धाच राहिला. माणसाचं जाडं बोलणं त्यातून जायचं, बारीक सूर जायचे नाहीत. ही गोष्ट ती कुणालाच सांगायची नाही. केस डाव्या कानावर घ्यायची, माणसाच्या उजव्या अंगाला उभी राहायची. कानाचं यंत्र लावत नव्हती, कारण मग शाळेतल्या मुलांना दिसलं असतं. वडलांनासुद्धा तिनं हेडफोन खराब आहे असं सांगितलं होतं, कारण हेडफोन लावल्यावर तिला पहिल्यांदाच कळलं होतं की गाणं दोन बाजूंनी येतं आणि तिच्यापर्यंत एकच बाजू पोचते.

भिकानं हेडफोन कानावरून काढला. मग म्हणाला, "ताई, कान आपल्याला बदलता यायचा नाय. सेट बदलता येईल."

पुढचे तीन दिवस ती शाळा सुटली की दुकानात यायची आणि स्टुलावर हेडफोन लावून बसायची. भिका डाव्या बाजूचा एक रेझिस्टन्स काढायचा, दुसरा लावायचा, तिच्याकडं बघायचा. ती मान हलवायची. मी टेबलावर पूर्ण उलगडून पडलो होतो, चार कोपऱ्यांना चार जुने स्पीकरचे लोहचुंबक ठेवलेले. भिकाचं बोट माझ्या डाव्या बाजूवर पुन्हा पुन्हा फिरत होतं. नकाशाच्या जातीला याहून मोठं सुख नाही.

तिसऱ्या दिवशी आर-३१ हा रेझिस्टन्स दुपटीहून मोठा झाला होता आणि सी-१८ हा कंडेन्सर अगदी लहान. कॅसेटवर सनई चालू होती. एकदम तिनं मान वळवून डावीकडं पाहिलं. तिकडं नुसती भिंत होती, भिंतीवर दुकानाचा परवाना टांगलेला. ती त्या परवान्याकडं बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. भिकानं सोल्डरिंग आयर्न स्टँडला लावलं आणि उगाच बाहेर जाऊन उभा राहिला.

परत आल्यावर त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या डाव्या समासात लिहिलं: "श्यामलाताईंच्या कानासाठी डावी बाजू वेगळी केली आहे. आर-३१ व सी-१८ पाहणे. उजवीशी जुळवू नये. भिका, सातपूर, १२ जानेवारी १९८९." अक्षर वेडंवाकडं, पण एकेक शब्द दाबून लिहिलेला.

कारागिरांची तशी रीतच होती. जो सेट उघडेल त्यानं काय केलं ते नकाशावर लिहायचं, म्हणजे पुढच्याला समजावं. पुढचा कोण, कुठला, हे माहीत नसायचं. तरी लिहायचं.

इथपर्यंत भिका देवमाणूस होता. यापुढचं सांगताना मला अजून राग येतो.

उपेंद्रराव सेट न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हा कागद?"

"राहू द्या माझ्याकडं," भिका म्हणाला. "आत ठेवला तर झुरळं खातात. परत कधी सेट आणाल तवा लागंल."

झुरळांचं निमित्त होतं. मनातलं गणित वेगळं होतं, आणि ते फक्त भिकाचंच नव्हतं. त्या काळी गावोगावचे निम्मे कारागीर हेच करायचे. नकाशा आपल्याकडं ठेवला की गिऱ्हाईक दुसरीकडं जाणार नाही, गेलं तरी दुसऱ्याला सेट उमगणार नाही. भिकाच्या कपाटात असे बत्तीस नकाशे होते. मी तेहेतिसावा. सेट पिशवीत बसून गंगापूर रोडला उपेंद्ररावांच्या घरी गेला, मी कपाटात गेलो. झाकणाचे चार स्क्रू माझ्याशिवाय आवळले गेले.

कपाटात आम्ही एकमेकांवर घड्या घालून पडलेलो असायचो. तेहेतीस नकाशे आणि तेहेतीस सेट, सगळे एकाच शहरात, आणि दुरुस्तीखेरीज एकाचीही एकाशी भेट नाही. तुम्हाला वाटेल एवढ्या भावंडांत एकटेपणा कसला? पण कागद कागदाशी बोलत नाही. कागदाला माणसाचं बोट लागतं.

दोन-तीन वर्षांतून एकदा श्यामलाताई यायच्या. सेट चादरीत गुंडाळून रिक्षातून आणायच्या. कधी टेपचा पट्टा सैल झालेला, कधी बटण अडकलेलं. वडील गेले, त्या इंदिरानगरला फ्लॅट घेऊन राहायला गेल्या, लग्न केलं नाही, शाळेत गॅदरिंगची सगळी गाणी त्याच बसवायच्या. हे सगळं मला त्या दुकानातल्या गप्पांतून कळलं. त्या आल्या की भिका मला काढायचा, समासातल्या आपल्याच ओळींवर नजर टाकायचा आणि डाव्या बाजूला हात न लावता काम करायचा. खंडेनवमीला हत्यारांसोबत आम्हा नकाशांनाही हळदकुंकू लागायचं. माझ्या वरच्या कोपऱ्यातला लाल डाग त्याचाच.

मधल्या काळात आमची जात संपत गेली. सारंगच्या मालकांनी शेवटच्या दोन वर्षांत नकाशा घालणं बंद केलं. म्हणाले, नकाशा दिला की गल्लीतला माणूस दुरुस्त करतो, मग आपलं सर्व्हिस सेंटर कशाला? पुढं कारखानाही बंद पडला. दुकानात नवे सेट यायचे त्यात जाड पुस्तिका असायची. पाण्याजवळ नेऊ नका, उघडू नका, उघडल्यास हमी रद्द. भिका ती चाळून बाजूला टाकायचा आणि म्हणायचा, "एवढी पानं, पण घरात शिरायचा रस्ता काय सांगत नाय."

२०१४ मध्ये भिकाचे हात थरथरायला लागले. सोल्डरिंगचा थेंब जिथं हवा तिथं पडेना. बहिणीचा मुलगा ललित मोबाइलचं काम शिकून आला होता, दुकान त्याच्या हवाली करून भिका गावी निघाला. जाताना कपाटावर हात ठेवून म्हणाला, "यातले कागद टाकू नको. लोकांचे हायेत. द्यायचे राहून गेले."

"कुणाकुणाला देऊ मामा?"

भिकाकडं एकाचाही पूर्ण पत्ता नव्हता. पाच वर्षांनी तो गावीच वारला. मी त्याच्यावर जन्मभर चिडलो, पण ती बातमी कळली त्या दिवशी मला फार पोरकं वाटलं. मला वाचणारा जगात उरला नाही.

पण मधेच, २०१७ च्या उन्हाळ्यात, एक गोष्ट घडली होती आणि खरी हकिगत तीच आहे.

श्यामलाताई सेट घेऊन दुकानात आल्या. सेट पूर्ण बंद पडला होता. "भिकाभाऊ नाहीत का?"

"मामा गावी असतात. आता हे टू-इन-वन आपण नाही करत मॅडम," ललित म्हणाला. "देवळाली कॅम्पात धनराजभाऊ आहेत, लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. जुन्यातला एक नंबर माणूस. त्यांच्याकडं न्या."

मी तिथून तीन हातांवर होतो. कपाटाचं दार बंद, वर मोबाइलच्या कव्हरांची खोकी. कपाटातल्या कागदांत मी आहे हे ललितला ठाऊकच नव्हतं, त्यामुळं त्याचा दोष नाही. सेट चादरीत गुंडाळलेला आला तसा गेला. अठ्ठावीस वर्षांत तो इतका जवळ येऊन मला न भेटता गेला, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

महिन्याभरानं त्या मोबाइलला काच बसवायला पुन्हा आल्या. ललितनं सहज विचारलं, "सेट झाला का मॅडम?"

"झाला ना. छान केला, आवाज अगदी स्वच्छ." मग म्हणाल्या, "फक्त डावीकडून मला काही येत नाही आता. परत घेऊन गेले होते. त्यांनी मीटर लावून दाखवलं, दोन्ही बाजू सारख्या आहेत. म्हणजे माझाच कान गेला."

"डॉक्टरला दाखवा ना."

"दाखवते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. तसं हसणाऱ्या बाई डॉक्टरकडं जात नाहीत.

दोन्ही बाजू सारख्या आहेत, हे ऐकलं आणि मला सगळं कळलं. तो कान गेलेला नव्हता. कुणीतरी आर-३१ आणि सी-१८ बदलून उजवीसारखे केले होते. हे मला माहीत होतं. पूर्ण नाशिकमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि मी बंद कपाटात बत्तीस कागदांखाली पडलो होतो. तुम्ही कधी एखाद्याच्या आयुष्यातली चूक बघत बसलाय का, तोंड उघडता येत नसताना? मी आठ वर्षं बसलो.

श्यामलाताई वर्षातून एकदा-दोनदा ललितकडं यायच्या. कधी चार्जर, कधी बॅटरी. प्रत्येक वेळी थोड्या अधिक मिटलेल्या वाटायच्या. गॅदरिंगची गाणी आता दुसऱ्या बाई बसवतात. गाण्याच्या कार्यक्रमांना जाणं सोडलं, अर्धं ऐकून चिडचिड होते. रेडिओ सकाळी लावत नाही. ललित "हो का मॅडम" म्हणायचा आणि काच पुसायचा. तो तरी काय करणार होता?

यंदा ललितनं दुकानाचं फर्निचर बदलायला काढलं. कपाट जाणार म्हणताना देवळालीहून धनराजभाऊ आले. सत्तरीकडं झुकलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं. त्यांना जुन्या नकाशांचा नाद आहे. नव्या मशीनमध्ये नकाशा येत नाही, बिघडलं की अख्खं बोर्ड बदला म्हणतात, त्यामुळं जुना एकेक कागद ते जमवतात.

"भिकाची मोठी दौलत होती म्हणे," ते ललितला म्हणाले आणि मोबाइलच्या काउंटरवर एकेक घडी उघडायला लागले. हात हलका होता. मी तेहेतिसावा. माझी घडी उघडली आणि अकरा वर्षांनी माझ्यावर बोट टेकलं.

ते बोट आधी नावावर गेलं. सारंग. मग डाव्या समासात गेलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"ललित, ही श्यामलाताई कोण?"

"इंदिरानगरच्या मॅडम. मीच पाठवलं होतं की तुमच्याकडं. टू-इन-वन."

धनराजभाऊ काउंटरमागच्या खुर्चीत बसले. "आठवतं मला," ते म्हणाले. "डावीकडं भलतेच पार्ट लावलेले दिसले. वाटलं, कुठल्या तरी अडाणी माणसानं हात घातलाय. मी काढले आणि कंपनीसारखे करून दिले. बाईंना काही बोललो नाही."

"का नाही बोलला?"

"दुसऱ्या कारागिराच्या कामाला गिऱ्हाइकासमोर नावं ठेवायची नाहीत, अशी आमची शिस्त. गुपचूप नीट करून द्यायचं." त्यांनी समासातल्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. "त्या बाई डावी बाजू पुन्हा पुन्हा तपासायला सांगत होत्या. मी मीटरचा काटा दाखवत राहिलो. कान त्यांचा होता आणि काढून मी घेतला."

ललितच्या फोनमध्ये बाईंचा नंबर होता. त्याच दुपारी मी धनराजभाऊंच्या खिशात बसून स्कूटरवरून इंदिरानगरला गेलो. खरं सांगतो, मला रस्ताभर एकच वाटत होतं. सेट भेटणार. झाकण उघडेल आणि छत्तीस वर्षांनी मी माझ्या जागी जाईन.

श्यामलाताईंनी दार उघडलं. केस पांढरे, अजून डाव्या कानावर घेतलेले. यंदाच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. उजवं अंग पुढं करून त्यांनी ऐकून घेतलं. धनराजभाऊंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि मला त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी भिकाची ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"मला वाटलं भिकाभाऊंनी केलेलं आतच असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही बिघडलेलं तेवढंच बदललं असेल. म्हणून म्हटलं, कानच."

"चूक माझी आहे ताई."

"तुम्हाला डावी-उजवी सारखी नसली की चैन पडत नाही का हो?" त्यांचा आवाज चढला. "आठ वर्षं. मुलांची गाणी सोडली मी. कुणी गाणं लावलं की दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे." मग थांबल्या. हळू म्हणाल्या, "मीही सांगितलं नाही म्हणा. लाज वाटली कानाची. पन्नाशी गाठलेल्या बाईला."

धनराजभाऊंनी खिशातून पार्टची पुडी काढली. त्यांनी विचारलं, "सेट आहे ना? अर्ध्या तासाचं काम आहे. मी पार्ट घेऊनच आलोय."

"भंगारवाल्याला दिला," श्यामलाताई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. ठेवून काय करायचं होतं?"

मी ज्या घराचा नकाशा, ते घरच जगात उरलं नव्हतं. तारा वेगळ्या, तांबं वेगळं, प्लास्टिक वितळलेलं. मला दुःख झालं, इतकंच साधं सांगतो.

आधी धनराजभाऊ सावरले. ते म्हणाले, नकाशा आहे म्हणजे डावी बाजू पुन्हा बांधता येईल. पूर्ण सेट नाही, एक छोटी डबी. कुठल्याही रेडिओला, फोनला जोडता येईल अशी. "हा कागद नेतो दोन आठवडे."

"नको," श्यामलाताई चटकन म्हणाल्या आणि मला छातीशी धरलं. "एकदा एकानं नेलाय हा. इथंच राहू दे."

धनराजभाऊ पहिल्यांदाच हसले. त्यांनी मला टेबलावर पसरलं, फोन काढला आणि माझे चार फोटो घेतले. झालं माझं काम. एका टिचकीत. त्या फोटोंवरून ते माझ्याशिवाय सगळं करू शकत होते, आणि त्यांनी केलंही. मला थोडं लागलं, पण काळ बदललाय एवढं मला कळतं.

अठरा दिवसांनी ते आले ते ॲल्युमिनियमची एक डबी घेऊन, तळहाताएवढी. सोबत स्वतःचा छोटा रेडिओ, तपासायला. श्यामलाताईंनी मला टेबलावर आणून ठेवलं होतं, का ते मला माहीत नाही. धनराजभाऊंनी हेडफोनची उजवी बाजू बंद केली. फक्त डावी चालू. डबीची तार रेडिओला लावली आणि बटण दाबलं.

संध्याकाळची वेळ होती. गाणं लागलेलं नव्हतं, बाजारभाव चालू होते. धनराजभाऊ ओशाळले, सुई फिरवायला पुढं झाले. श्यामलाताईंनी त्यांचा हात धरून थांबवला.

लासलगाव, उन्हाळ कांदा. पिंपळगाव बसवंत. विंचूर. टोमॅटो, मका, सोयाबीन. वाचणाऱ्या बाईचा आवाज बारीक होता, डाव्या कानात एरवी जातच नसायचा तसा बारीक. श्यामलाताईंनी शेवटच्या बाजार समितीच्या शेवटच्या भावापर्यंत सगळं ऐकलं. हलल्या नाहीत. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला, केस कानामागं घेतले आणि म्हणाल्या, "चहा ठेवते." स्वयंपाकघरात गेल्यावर भांडं बराच वेळ रिकामंच गॅसवर होतं, ते करपल्याच्या वासानं आम्हाला कळलं.

आता मी त्यांच्या कपाटात असतो, पेन्शनच्या कागदांच्या फाइलमध्ये. जागा कोरडी आहे, झुरळं नाहीत. सकाळी पलीकडच्या खोलीत डबी चालू होते, पण हेडफोनमधलं गाणं मला ऐकू येत नाही. फक्त त्या कधी कधी सोबत गुणगुणतात तेवढं येतं. मला काढायचं आता कारण उरलेलं नाही. सेट नसलेला नकाशा आहे मी, आणि चार हजारांतला बहुधा शेवटचा. हे एकटेपण माझ्या वाट्याचं आहे, त्याबद्दल तक्रार करायचं वय गेलं.

एक विनंती मात्र करायची आहे, तेवढ्यासाठीच इतकं बोललो. त्या संध्याकाळी डबीचं झाकण लावायच्या आधी, माझ्या शेजारीच टेबलावर, धनराजभाऊंनी आलेखाच्या कागदावर स्वतःच्या हातानं तिचा नवा नकाशा काढला आणि घडी घालून आत ठेवला. मी तो पाहिला. छोटा आहे, रेघा थोड्या थरथरलेल्या. खाली लिहिलंय: "डावी बाजू उजवीसारखी नाही. ती तशीच बरोबर आहे. २०१७ मध्ये ती मी बिघडवली होती. धनराज, देवळाली कॅम्प." त्याखाली बरीच कोरी जागा ठेवली आहे, पुढच्या कारागिरासाठी.

कधीतरी ती डबी बिघडेल. मी नसेन, धनराजभाऊ नसतील, श्यामलाताईही कदाचित नसतील. तुमच्यापैकी कुणाच्या हाती आली तर झाकण उघडा, तो कागद काढा, वाचा, तुमच्या कामाची एक ओळ त्यावर लिहा. आणि मग घडी घालून त्याला परत आत ठेवा. बाहेर फार एकटं पडायला होतं.